गेस्केच्या स्वयंपाकघरातली शीव

हॉलॉक काउंटीत उब्बेनांच्या घरात, स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीलगत एक लाकडी बाक आहे. त्या बाकाखालची जमीन आमची. घर उब्बेनांचं, चूल त्यांची, चहा त्यांचा. पण त्या बाकापुरती चार हात रुंदीची पट्टी माझे आजोबा लायसँडर क्रमली यांच्या नावावर लागलेली आहे आणि ती आम्ही आजवर विकलेली नाही. नवीन माणसाला हे सांगितलं की त्याला थट्टा वाटते. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि मला ते सांगायला आवडतं.

आम्ही पोरं तिला गेस्केआजी म्हणायचो. पण या हकिकतीतली गेस्के एकतीस वर्षांची आहे, तेव्हा तिला नुसतं गेस्केच म्हणतो.

ती आणि तिचा नवरा त्यार्क उब्बेन अठराशे एकाहत्तर सालच्या वसंतात आले. समुद्राकाठच्या सखल मुलखातली माणसं. आयोवाचा हा कोपरा तेव्हा कुणालाच नको होता. नदीकाठचं झाडीचं, चढाचं रान आधी आलेल्यांनी धरलं होतं. उरला होता तो हा पाणथळ माळ. बर्फ वितळलं की महिनाभर इथे आभाळ जमिनीवर उतरून पडलेलं असायचं. जमीन दाखवायला आलेला माणूस गाडीतून खाली उतरलासुद्धा नाही. त्याने चाबकाच्या टोकाने हवेत एक चौकोन काढला आणि म्हणाला, "हे तुमचे ऐंशी एकर. त्या लव्हाळ्यांच्या अलीकडे कुठेही घर बांधा." आणि परत गेला.

दुसरा कुणी असता तर बसून रडला असता. त्यार्कने बूट काढले, पाण्यात उतरला, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून हात बुडवून मूठभर काळी माती वर काढली आणि गाडीत बसलेल्या बायकोला म्हणाला, "पाणी आहे, पण भरती नाही. अर्धं काम झालंय बघ."

त्या सगळ्या पाण्यात एक जागा तेवढी कोरडी होती. कमरेच्या जरा खाली येईल एवढा मातीचा एक उंचवटा, आणि त्याच्या चार बाजूंना चार खड्डे. आसपास पाच मैलांत माणूस नाही, झाड नाही, आणि हा कुणीतरी हाताने घातलेला ढीग. त्यार्कने टोपी काढली.

"गेस्के, आपल्याकडचं कुणीतरी इथे येऊन गेलंय."

त्यांच्या मुलखात कुणी सपाट जमिनीवर घर बांधत नाही. समुद्र कधी आत येईल याचा नेम नसतो, म्हणून आधी मातीचा उंच ओटा घालायचा, त्याला ते वार्फ म्हणतात, आणि मग त्यावर घर. बापाने घातलेल्या वार्फवर मुलगा भर घालतो, त्यावर नातू. त्यार्कला वाटलं, कुणा बिचाऱ्याने वार्फ घालायला घेतली, त्याचं काही बरंवाईट झालं आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करणं त्याला पुण्याचं वाटलं. दोन महिने तो हातगाडीने माती वाहत होता. ढीग बुजला, खड्डे बुजले, आणि खळ्याएवढा लांबरुंद ओटा तयार झाला. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून त्याने त्यावर घर उभं केलं.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. आमचा ओहायोचा माणूस त्या ढिगाला वळसा घालून गेला असता. नॉर्वेकडच्या माणसाने तो पाहिलाच नसता. ज्याच्या रक्तात वार्फ आहे तोच हे करणार.

गेस्केने तो उंचवटा एकदाच पाहिला, पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून तिला थंडीताप भरला आणि ती गाडीच्या छताखाली चार आठवडे पडून होती. उठली तेव्हा ओटा लांबवर पसरला होता. मूळचा ढीग त्यात कुठे गेला हे तिने विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

त्या दोघांनी त्या चिखलाचं काय केलं ते मी पाहिलेलं नाही, पण त्याचं फळ मी रोज खातो. लांब पात्याच्या फावड्याने चर खणायचा, उतार असा धरायचा की पाणी आपल्या मर्जीने चालत जावं. चर भरभर खणला की पाणी रुसतं, असं गेस्के म्हणायची. तिसऱ्या वर्षी तिथे गहू उभा राहिला. त्याच वर्षी घोड्याची लाथ छातीत बसून त्यार्क गेला. मागाहून आलेला दीर आयलर्ट दोन मैलांवर राहायचा. तो म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे चला." ती म्हणाली, "भावोजी, चर अर्धा आहे." आणि फावडं घेऊन गेली.

सरकारची अट अशी होती: आपल्या नावच्या जमिनीवर घर बांधून पाच वर्षं राहायचं, कसायचं, आणि दोन शेजारी साक्षीला घेऊन जमीन कचेरीत जायचं. मग जमीन कायमची आपली. त्यार्कची पाच वर्षं आता त्याच्या विधवेची झाली होती. नोंद ऑक्टोबरातली, म्हणून शहात्तरच्या ऑक्टोबरात ती पुरी भरत होती.

आणि पंचाहत्तरच्या शरदात माझे आजोबा आले. त्यांनी गेस्केच्या पूर्वेची जमीन रेल्वेकडून विकत घेतली. त्यांच्या जमिनीच्या पूर्वेच्या टोकाला टेकाडावर हद्दीचा दगड होता. पुढच्या उन्हाळ्यात, पावसाची झड उघडताच, आजोबांनी गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधली आणि तिथून पश्चिमेला एक मैल मोजत निघाले. चाकाचे तीनशे सत्त्याहत्तर फेरे म्हणजे एक मैल. सगळ्यांचीच मोजणी अशी व्हायची. शेवटचा फेरा पुरा झाला तेव्हा ते गेस्केचं घर आणि तिची विहीर ओलांडून पन्नास पावलं पलीकडे, तिच्या सगळ्यात चांगल्या शेतात उभे होते.

ते तसेच तिच्या दारात गेले.

"बाई, तुमचं घर माझ्या जमिनीवर आहे."

गेस्के कणीक मळत होती. तिने हात पुसले नाहीत. "कोण म्हणतं?"

"माझं चाक म्हणतं."

"मग चाकाला आत बोलवा. चहा देते त्याला."

"मी चहा पीत नाही. कॉफी पितो."

"ते दिसतंच तोंडावर."

आजोबा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. त्यांनी तिला मोजणीचा आकडा सांगितला, तिने तो ऐकला, आणि ते गेल्यावर तिने तीच कणीक पुन्हा पहिल्यापासून मळली. हे तिनेच मला पुढे सांगितलं. घर गेलं तर दुसरं बांधता येतं. पण घर जर दुसऱ्याच्या जमिनीवर ठरलं, तर पाच वर्षं ती आपल्या जमिनीवर राहिलीच नाही असा त्याचा अर्थ. मग घरही गेलं आणि ऐंशी एकरही गेले. त्यार्कने उपसलेलं सगळं पाणी फुकट.

तेव्हापासून तिची झोप उडाली.

ऑगस्टअखेर काउंटीचा मोजणीदार आला. ऑरिन टटल त्याचं नाव. कोरडा, हाडकुळा, दातात गवताची काडी धरून बोलणारा. वीस वर्षांपूर्वी सरकारी मोजणी झाली तेव्हाच्या टिपणांची नक्कल त्याच्याजवळ होती. त्याने दोन दिवस साखळी ओढली आणि तिसऱ्या दिवशी तिघांना, म्हणजे गेस्के, आयलर्ट आणि आजोबांना, घरासमोर उभं केलं.

"खूण सापडत नाही. जुन्या लोकांची साखळी पाण्यातून गेलेली, तिचा काय भरवसा. माझं गणित म्हणतं शीव घराच्या आसपास आहे. पण आसपास म्हणजे अलीकडे की पलीकडे, ते मी सांगू शकत नाही."

"माझं चाक सांगू शकतं," आजोबा म्हणाले.

"तुमच्या चाकाला शपथ घेता येत असेल तर घेऊन या," टटल म्हणाला. "मूळ खूण मिळाली तर ती खरी. तिच्यापुढे गणितही खोटं आणि चाकही खोटं."

"पण खूण असते तरी कशी?" आयलर्टने विचारलं.

टटलने टिपण उघडलं. "झाडी नसेल तिथे मातीचा ढीग घालायचे. त्यात खांब. खांब वणव्यात जळून जातो, म्हणून ढिगाच्या तळाशी कोळसा पुरून ठेवायचे. कोळसा कुजत नाही. आणि ढिगाच्या चार बाजूंना चार खड्डे."

गेस्के आपल्या पायांकडे बघत होती. ती वार्फवर उभी होती.

गोठ्याच्या आडोशाला तिने दिराला सगळं सांगितलं. आयलर्ट पोक्त माणूस, सावध. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं.

"वहिनी, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच."

"मग माझ्यापाशीच राहू दे. खूण सापडली नाही तर प्रकरण कोर्टात जाईल. कोर्ट म्हणजे दहा वर्षं. दहा वर्षं तुम्हाला कुणी उठवत नाही. खणलंत तर आजच निकाल. आणि निकाल कुणाच्या बाजूचा ते तुम्हाला ठाऊक नाही. ढीग पश्चिमेच्या टोकाला निघाला तर सगळं घर त्या क्रमलीचं."

"ठाऊक आहे मला."

"आठवत नाही का काहीच? त्यार्कने भर कुठून कुठे घातली?"

"तापात होते मी, भावोजी. मला फक्त हातगाडीचं चाक करकरत होतं तेवढं आठवतं."

"मग गप्प बसा."

"दहा वर्षं?" ती म्हणाली. "दहा वर्षं मी माझ्याच घरात पाहुणीसारखी राहू? दर वेळी त्या माणसाची गाडी दिसली की कणकेतून हात काढून उभी राहू? नको. त्यार्कने झाकलंय, त्याच्या बायकोलाच उघडायला हवं."

"तो असता तर त्याने नसतं उघडलं."

"तो असता तर त्याने पहिल्याच दिवशी टटलला सांगितलं असतं, आणि वर त्याच्याशी वादही घातला असता, की वार्फ चांगली झालीय की नाही ते आधी सांगा."

आयलर्ट हसला. हसल्यावर माणसाला विरोध करता येत नाही. त्याने फावडं घेतलं, आणि तिने जाऊन टटलला सगळं सांगितलं.

तिच्या घरात मातीची जमीन होती. त्यांच्या रीतीप्रमाणे तिच्यावर नदीची पांढरी वाळू पसरलेली आणि त्या वाळूत झाडूच्या टोकाने वेलबुट्टी काढलेली. दर शनिवारी ती नवी काढायची. तिने ती वाळू आपल्या हातांनी गोळा करून बादलीत भरली. खाट बाहेर गेली. टेबल बाहेर गेलं. आजोबा दारात हात बांधून उभे होते.

"मी मदत करू का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही फक्त बघा," गेस्के म्हणाली. "नंतर म्हणाल बाईने चोरून कोळसा टाकला."

पहिला खड्डा पश्चिमेला, खाटेच्या जागी. आयलर्ट खणत होता. ती उभी राहून प्रत्येक फावड्याबरोबर श्वास धरत होती. काळी माती, मग काळीच माती, मग जुन्या गवताची मुळं, मग पाणी. टटल खाली वाकला, मुळं बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "इथे कधी ढीग नव्हता."

तिने श्वास सोडला.

दुसरा खड्डा मध्यावर, चुलीच्या पुढ्यात. तिथेही तसंच. आता आयलर्टलाही चेव आला. फक्त पूर्वेचा भाग राहिला होता, बाक होता तिथला. आणि मग तिच्या मनात दुसरी भीती शिरली: तिथेही काही निघालं नाही तर? घर उकरून टाकलं, गोष्ट सगळ्यांना कळली, आणि हातात काहीच नाही?

बाक हलवला. उत्तरेच्या भिंतीलगत, हातभर खोलीवर मातीचा रंग बदलला. काळ्या मातीच्या पोटात पिवळट चिकणमातीचा एक घुमट दिसायला लागला, जसा भाकरीत भाजला न गेलेला भाग दिसतो तसा. आयलर्ट थांबला. टटलने दातातली काडी फेकली, गुडघ्यांवर बसला आणि हाताने उकरायला लागला. घुमटाच्या तळाशी, जुन्या जमिनीच्याही खाली वीतभर, त्याची बोटं काळी होऊन वर आली.

कोळसा. ओंजळभर.

मग आजोबा बोलले. गप्प राहायचं तर मग आले कशाला, असा त्यांचा स्वभाव होता. "कोळसा कुठल्याही घरात निघेल. चूल तीन पावलांवर आहे."

गेस्के चुलीपाशी गेली, राखेचं टोपलं उचलून आणलं आणि त्यांच्या पायांपुढे उपडं केलं. त्यात पांढरी भुसभुशीत राख होती आणि मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांचे अर्धवट जळलेले बुरखुंडे होते.

"बघा," ती म्हणाली. "गवताच्या पेंढ्या पिळून जाळते मी. कणसांचे बुरखुंडे जाळते. पाच वर्षांत या चुलीत लाकडाची ढलपी गेलेली नाही. वीस मैलांत झाड दाखवा मला, उद्यापासून लाकूड जाळते."

टटलने कोळशाचा एक तुकडा मोडला आणि उजेडात धरला. "ओक आहे. नदीकाठच्या रानातला. पोत्यात घालून आणलेला असणार. आमच्याच लोकांनी."

आजोबांनी तो तुकडा हातात घेतला. बोटांनी घासला. आणि मग, हे मला टटलने सांगितलं, आजोबांनी कधी कबूल केलं नाही, त्यांनी खाली बसून तो परत जागच्या जागी ठेवला, एखादं अंडं घरट्यात ठेवावं तसा, आणि म्हणाले, "चाक घसरलं असणार. त्या दोन ओढ्यांत. चिखलात चाक फिरत नाही, नुसतं सरपटतं."

"पन्नास पावलं सरपटलं?" आयलर्ट म्हणाला. "गाडी होती की बदक?"

"पन्नास नव्हे. घर धरलंत तर ऐंशी," टटल म्हणाला. त्याने कोळशावर काठी रोवली आणि दक्षिणेकडे दोरी ताणली. दोरी स्वयंपाकघरातून सरळ गेली. चूल पश्चिमेला. टेबल पश्चिमेला. खाट, कणगी, दार, विहीर, सगळं पश्चिमेला. पूर्वेला राहिली चार हातांची एक पट्टी, भिंत आणि बाक.

"बाई, तुम्ही झोपता कुठे आणि रांधता कुठे, एवढंच कायदा विचारतो," टटल म्हणाला. "दोन्ही तुमच्या जमिनीवर. पण हा बाक मात्र या गृहस्थांचा."

गेस्के खाली बसली. उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरच बसली आणि एप्रनने तोंड पुसायला गेली तर हाताची काजळी सगळ्या तोंडाला लागली. आयलर्ट म्हणाला, "वहिनी, आता खरंच कोळशाच्या भट्टीवाल्या दिसताय." ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि त्यात काय किती होतं ते कुणालाच सांगता आलं नसतं.

मग ती उठली आणि चहा टाकला. त्या घरात काहीही झालं की चहा. पहिल्यांदाच माझे आजोबा उंबऱ्याच्या आत येऊन बसले. तिने बाक जागेवर लावला आणि म्हणाली, "बसा क्रमलीसाहेब. संकोच कसला. तुमच्याच जमिनीवर बसताय."

कपात खडीसाखरेचा खडा. त्यावर कढत चहा ओतला की खडा तडकतो. वर सायीचा एक ढग. ढवळायचं नाही. हे तिने दाखवलं. एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. आजोबांनी कप रिकामा केला, तिने भरला. त्यांनी सभ्यपणे तोही रिकामा केला, तिने पुन्हा भरला. पाचव्या कपानंतर ते जरा मागे सरकून बसले. सातव्या कपाला त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बाई, पुरे आता," ते म्हणाले.

"हो हो," म्हणत तिने आठवा भरला.

"अहो टटल, हिला सांगा की."

टटल आपल्या तिसऱ्या कपात चमचा उभा करून निवांत बसला होता. "चमचा कपात ठेवा. त्याशिवाय ही माणसं थांबत नाहीत."

आजोबांनी चमच्याकडे पाहिलं, जो ढवळायला नव्हता तर कशाला होता हा प्रश्न त्यांना मघापासून पडलेला होता. मग त्यांनी तो कपात टाकला. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"माझ्या घरावर चाक चालवलंत," गेस्के म्हणाली. "आठ कप काही जास्त नाहीत."

ऑक्टोबरात ते जमीन कचेरीत गेले. सव्वीस मैल. साक्षीला दोन शेजारी लागत होते. एक आयलर्ट, आणि दुसरे, कुणी न सांगता, आजोबा. गाडीही त्यांचीच. कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "ही बाई पाच वर्षं त्याच जमिनीवर राहिली याची तुम्हाला खात्री आहे?"

"आहे," आजोबा म्हणाले. "हद्दीची खूण तिच्या स्वयंपाकघरात आहे. मी पलीकडे बसतो, ती अलीकडे राहते."

कारकुनाने तेव्हा मान वर केली. मग शिक्का मारला.

परतताना गेस्के गाडीत मागे, पेंढ्यावर बसली. कचेरीच्या गावाची शेवटची घरं मागे पडायच्या आत ती आडवी झाली आणि झोपली. उन्हाळ्यापासूनची राहिलेली झोप. तोंड उघडं, एक हात छातीवरच्या कागदावर, आणि घोरणं असं की आयलर्टला वहिनीच्या वतीने लाज वाटली. ऊन कलतं होतं, गवत तांबूस झालं होतं, वरून बगळ्यांच्या रांगा दक्षिणेला चालल्या होत्या.

ओढा आला तेव्हा आजोबांनी घोडे थांबवले. खाली उतरले, पुढे चालत गेले, चिखल पायाने दाबून पाहिला.

"काय झालं, लायसँडर भाऊ?" आयलर्टने हळूच विचारलं.

"इथेच चाक सरपटलं होतं," आजोबा म्हणाले. "वरच्या अंगाने जाऊ. मैलभर वळसा पडेल. पण ती जागी नको व्हायला."